झोपेची चाल

जावयाला नावं ठेवू नयेत, असं आमच्या आईनं मला लग्नाआधीच बजावलं होतं. तेव्हा मला जावई यायला पंचवीस वर्षं अवकाश होता. पुढं आला तेव्हा मी ते पाळलं. पण आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते. आमचे इंद्रजितराव जेवताना ताट बाजूला सरकवतात आणि उजवा हात किबोर्डवर ठेवतात. मग घास कुठल्या हातानं? डाव्या. पाडव्याला पुरणपोळी डाव्या हातानं खाल्ली. हाक मारली तर "हं, आई" म्हणतात, आणि ते "हं" मला असतं की मशीनला, देव जाणे. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "इंद्रजितराव, खाली शेड पेटलीय." तर म्हणाले, "हं आई, पाचच मिनिटं."

माझी मुलगी सानिका हसून लोळली. मी नाही हसले.

मी शालन वरुटे. शाळा चौथीपर्यंत. आमचे मालक गेले तेव्हा शेडमध्ये आठ माग होते, ते मी एकोणीस वर्षं चालवले. इचलकरंजीत बाईनं शेड चालवायची म्हणजे पुष्कळांची तोंडं बंद करावी लागतात. मी केली. आता माग विकले. कांड्या भरायचं एक छोटं मशीन तेवढं ठेवलंय. गल्लीत अजून दोघा-तिघांकडं धोट्याचे जुने माग आहेत, त्यांच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या मी भरून देते. हाताला सवय आहे म्हणून. सानिका डॉक्टर मगदूमांच्या दवाखान्यात सिस्टर आहे, आणि जावयांचं काम कुठूनही होतं, म्हणून दोघं माझ्याकडं वरच्या खोलीत राहतात.

आमच्यात सासूनं जावयापुढं आपलं दुखणं काढायचं नसतं. जावई विचारणार, "आई, बरं आहे ना?" सासूनं म्हणायचं, "झकास." नाहीतर पोरीला ऐकावं लागतं, की तुझ्या आईचं सदानकदा काहीतरी कुरकुरतंय. हे कुणी शिकवत नाही, अंगात असतं. जावयालाही ठाऊक असतं. म्हणून तोही दुसऱ्यांदा विचारत नाही.

आता दाण्याचं सांगते.

माझ्या हृदयात एक दाणा बसवलाय, तुरीच्या दाण्याएवढा. मांडीतल्या शिरेतून नळी घालून डॉक्टरांनी तो थेट आत नेऊन रोवला. तार नाही, टाका नाही. माझं हृदय मधूनच ठोका द्यायला विसरतं. विसरलं की दाणा आतून बारीक झटका देतो आणि ठोका पडतो. मला कळतसुद्धा नाही. पूर्वी असले दाणे सगळ्यांना एकाच सवयीचे मिळायचे. आता ज्याचा त्याचा वेगळा. दाण्यात एक छोटा मजकूर असतो, त्याला सगळे चाल म्हणतात. ही बाई जिना चढली तर ठोके इतके करा, बसली तर इतके, आणि अमक्याच्या खाली जाऊ देऊ नका, असा तो मजकूर. अंग किती हलतंय हे दाण्याला आतून समजतं, त्यावरून तो ठरवतो. उशाशी एक डबा असतो, साबणाच्या डबीएवढा. माणूस त्या डब्याच्या दोन हातांच्या आत आलं की नवी चाल दाण्यात उतरते. त्याच्या बाहेर नाही. रस्त्यात कुणी परक्यानं कुणाचं हृदय बदलू नये, म्हणून ही सोय केलेली.

दाणे बनवणाऱ्या कंपनीसाठी त्या चाली लिहिणं हे आमच्या जावयांचं काम. इचलकरंजी, हुपरी, जयसिंगपूर, सगळे मिळून अकराशे दाणे त्यांच्याकडं.

एका दुपारी मी चहा घेऊन वर गेले तर म्हणाले, "आई, बसा. एक गंमत दाखवतो." स्वतःहून बोलले म्हणून मी बसले.

कोड लिहायची एक वही असते, तिला एडिटर म्हणतात. तिला बाहेरून जोड लावता येते, ती एक्स्टेन्शन. इंद्रजितरावांनी अशी एक जोड तयार केली होती. दोन-तीन बटणं एकदम दाबली की वहीच्या वर एक पट्टी उघडते. तिच्यात दोन अक्षरं टाकली की खाली कमांडांची यादी येते. पाहिजे तिच्यावर एन्टर मारायचं, काम झालं.

"आता सानिकासारख्या सिस्टरला कोड यायची गरज नाही," ते म्हणाले. "नावंसुद्धा मराठीत दिलीत. बघा. चाल तपास. चाल लिही. सगळ्यांना लिही. मागे घे."

मी वाचलं. अक्षर मला येतं. "चाल लिही म्हणजे कुणाची?"

"जी उघडी असेल तिची."

"आणि दुसऱ्याच कुणाची उघडी राहिली असली तर?"

"आई, नाव जितकं आखूड तितकं चांगलं. लांब नाव कोण वाचतंय?"

"आमच्या शेडमध्ये," मी म्हटलं, "मागाची दांडी ओढायची ती मागासमोर उभं राहून. पलीकडच्या मागावरनं हात लांबवून कुणी दांडी ओढली तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवायची. तारा जोडणाऱ्या सांधणीवाल्याची बोटं आत असतात."

ते हसले. "तुम्हाला कंपनीत घ्यायला पाहिजे." मग बोलता बोलता सांगितलं, की आधी प्रत्येक कमांड विचारायची, करू का? नक्की करू का? पण सिस्टर मंडळी वैतागली. चाळीसदा विचारलं की एक्केचाळिसाव्यांदा कुणी वाचत नाही, नुसतं हो दाबत सुटतात. म्हणून त्यांनी तो प्रश्नच काढून टाकला होता. "त्यापेक्षा मागे घे दिलं. चुकलं की मागे घ्यायचं."

मला ते पटलं. मीही मोबाइलवर न वाचता हो दाबते.

मग आली झोपेची चाल. माणूस झोपलं की हृदयाला फार ठोके लागत नाहीत. तेव्हा दाण्यानंही दम घ्यावा, म्हणजे त्याची बॅटरी चार वर्षं जास्त चालेल आणि म्हातारी माणसं पुन्हा टेबलावर घ्यायला लागणार नाहीत, असा विचार. चांगला विचार होता, मी आजही म्हणते. अंग वीस मिनिटं हललं नाही की दाण्यानं समजायचं, झोप लागली. ठोके साठवरनं पस्तिसावर आणायचे. दवाखान्यात वीस जणांवर करून झालं होतं, सगळे खाटेवर. घरी वावरणारं एक माणूस पाहिजे होतं.

"घरचा दाणा असताना बाहेरचा कशाला शोधताय?" मी म्हटलं. तोरा माझाच. डॉक्टरांनी कागदावर माझी सही घेतली. तीन दिवस ठरले. दाणा आपली नोंद ठेवणार होता. पण दाण्याला ठोके तेवढे समजतात. बाई झोपली होती की जागी बसली होती, हे त्याला कुठून समजणार? ते मी सांगायचं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी मी कांड्या भरायला बसले. ह्या कामात बोटं चालतात, मनगट चालतं. पाठ आणि छाती मात्र दगडासारखी असते, नाहीतर सूत तुटतं. तीस वर्षांची सवय. जरा वेळानं पाय गार पडायला लागले. मग कांडीवरचं पांढरं सूत करडं दिसायला लागलं, मग काळं. कानांत नळ सोडल्यासारखा आवाज. मी मशीनचा पाय धरला आणि कशीबशी उठले. उठल्यावर दोन मिनिटांत सगळं जागेवर.

संध्याकाळी दारातून आवाज आला. "आई, कसं वाटलं? चक्कर वगैरे?"

"झकास."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्या वेळी तर मी पडलेच, पण सुताच्या पोत्यावर पडले. कपाळाला खरचटलं ते पदरानं झाकलं. "झकास." तिसऱ्या दिवशी मी कांड्या भरायला बसलेच नाही. "झकास, इंद्रजितराव. तुम्ही काळजी करू नका." म्हटलं तीन दिवस संपले, आता हे जाईल, कशाला बोलायचं? वयामुळं झालं असेल. आणि खरं सांगायचं तर, कंपनीनं त्यांचं नाव मोठ्या बैठकीत घेतलं होतं. सानिकानं गल्लीभर सांगितलं होतं. माझ्या एका चकरेसाठी मी ते कशाला विस्कटू?

चौथ्या दिवशी सानिका दुपारीच दवाखान्यातून आली, हातात पेढ्यांचा पुडा. "आई, तोंड उघड. सगळ्यांना गेली."

"काय गेली?"

"झोपेची चाल. काल सगळे झोपले तेव्हा डब्यांतून उतरली. अकराशेच्या अकराशे. तुझ्यामुळं."

माझ्या हातातला तांब्या खाली ठेवायलाही मला जागा सापडेना. मला वाटलं होतं माझ्यावरच करून बघतायत, पुढं अजून कुणाकुणावर करतील, महिने जातील. मी जिना चढून वर गेले. जावयाच्या खोलीत मी कधी न विचारता जात नाही.

"इंद्रजितराव, मी खोटं बोलले."

किबोर्डवरचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. पाय, काळं सूत, पोतं. पदर सरकवून कपाळ दाखवलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर रंगच राहिला नाही. "तीनदा विचारलं मी तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"तीनदा झकास म्हणालात."

"आता बोलत बसू नका. थांबवा ते."

त्यांनी पट्टी उघडली. मागे घे. एन्टर. वहीतल्या हिरव्या ओळी एकेक करून गेल्या, जुन्या ओळी जागेवर आल्या. पान परवासारखं स्वच्छ. "झालं," ते म्हणाले आणि खुर्चीला टेकले. "झालं, आई. मागे घेतलं."

सानिका रडायला लागली होती, ती थांबली. मी खाली आले. मला चैन पडेना. पान स्वच्छ दिसतंय हे मी बघितलं होतं, पण कापडही वरनं स्वच्छ दिसतं आणि खाली चार तारा सुटलेल्या असतात. मी कांड्यांच्या मशीनशी बसले. पाठ ताठ केली. इंद्रजितराव दारात येऊन उभे राहिले, हातात घड्याळ. पंधरा मिनिटं. वीस. बाविसाव्या मिनिटाला माझे पाय गार पडले.

जन्मात पहिल्यांदा मी जावयाला म्हटलं, "मला काळं दिसतंय."

त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. त्यांचे हात माझ्याहून गार होते. "मागे घे फक्त मजकूर मागे घेतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "वहीतला. दाण्यात जे उतरलं ते दाण्यातच आहे."

"मग परत उतरवा."

"दुपारचा एक वाजलाय, आई. डबे सगळ्यांच्या उशाशी आहेत. माणसं कुठं आहेत?"

अकराशे डबे अकराशे उशांशी, आणि माणसं कामावर. तो क्षण मी कधी विसरणार नाही. पंखा चालू होता, गल्लीत कुणाची तरी गाडी मागं घेतल्याचा आवाज येत होता, सगळं रोजच्यासारखं. आणि कुठंतरी कुणीतरी गप्प बसलेलं होतं.

"सानिका," मी म्हटलं, "दवाखान्यात फोन लाव. सगळ्यांनी फोन धरायचे. जे बसलेत त्यांना उठवा, चालत घरी पाठवा, डब्याशी उभं करा. घर लांब असेल त्यांना दवाखान्यात आणा, तिथं डबे आहेत."

"कुणापासून सुरू करू? अकराशे आहेत!"

"शेतातल्यांना शेवटी. ते हलतायत. गाडीवाल्यांना शेवटी, त्यांची गाडी हादरतीय. सांधणीवाले, तारा ओवणारे वहिफणीवाले, शिलाईच्या बाया, हुपरीचे चांदीवाले. जे बोटांनी काम करतात ते आधी."

ती फोनवर बसली आणि माझ्या डोक्यात एकदम नाव आलं. दस्तगीरभाऊ.

दस्तगीर मुल्ला आमच्या शेडचे जॉबर होते. मालक गेल्यावर सगळे म्हणाले बाईच्या हाताखाली काम नको, हे एकटे राहिले. माग बिघडला की मी तोंड सोडायची, हे ऐकून घ्यायचे आणि माग चालू करून द्यायचे. आता सत्तरी ओलांडली. दाणा माझ्या आधी बसवलेला. अजूनही कुणाकडं चौकड्याचं बारीक कापड असलं की सांधणीला ह्यांनाच बोलावतात. संपलेल्या ताण्याच्या एकेका तारेला नव्या बीमची, म्हणजे नव्या ताण्याच्या रुळाची, एकेक तार गाठ मारून जोडायची, तीन-चार हजार गाठी. मागाच्या मागं, बीम आणि तारा ओवायच्या चौकटी यांच्यामध्ये पाटावर बसून. बोटं सोडून काही हलत नाही.

मी फोन लावला. वाजत राहिला.

त्या दिवशी भाऊ बावचकरांच्या शेडमध्ये सांधणीला गेले होते, मागच्याच गल्लीत. मी चपला न घालता निघाले. मागून इंद्रजितराव लॅपटॉप काखेत आणि माझा उशाचा डबा हातात घेऊन पळत आले. मला धाप लागली होती, पण धावताना मला एक कळत होतं. मी धावतेय तोवर माझा दाणा मला धरून आहे.

शेडमध्ये पाच माग चालू होते. त्या आवाजात कुणी मेलं तरी ऐकू येणार नाही. सहाव्या बंद मागाच्या मागं दस्तगीरभाऊ पाटावर बसले होते, मान खाली. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, काम चाललंय. चिमटीत एक तार तशीच होती. तोंड मेणासारखं.

मी गळ्याला बोट लावलं. एक ठोका. मग काहीच नाही. मी वाट बघितली. इतका वेळ गेला की मला वाटलं संपलं. मग एक.

मी त्यांना काखेत धरलं आणि हलवायला लागले, मागं-पुढं, पोत्यासारखं. "माग बंद करा!" मी ओरडले. बावचकर धावत आले. आम्ही त्यांना खाली आडवं केलं, बावचकरांनी पाय वर धरले. मी खांदे धरून हलवत राहिले. दाण्याला वाटायला पाहिजे होतं, की हा माणूस चालतोय. गळ्यापाशी ठोके जरा जवळ आले. मी दम घ्यायला थांबले की पुन्हा लांब. म्हणून मी थांबले नाही. अँब्युलन्सला अर्धा तास म्हणाले.

इंद्रजितराव मांडी घालून जमिनीवर बसले. डबा भाऊंच्या छातीशी ठेवला, पट्टी उघडली, टाइप केलं. बोट एन्टरवर गेलं.

"कुणाची?" मी ओरडले.

बोट थांबलं.

"चाल लिही म्हणजे कुणाची लिहिणार ती?"

त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमची," ते म्हणाले. "शेवटी तुमची उघडली होती. डब्याजवळ तुम्ही दोघं आहात. जो पहिला सापडेल त्याच्यात जाईल."

"माझी ह्यांच्यात गेली तर?"

"तुमच्या चालीत ठोके झटकन चढतात. ह्यांच्या हृदयाला ते झेपणार नाही."

"मग यादीतनं निवडा ह्यांची."

"यादीत दस्तगीर मुल्ला तीन आहेत, आई." त्यांनी यादी बंद केली. "दाण्यालाच विचारायला पाहिजे, तू कोण म्हणून. तेवढी कमांड लिहायला चार मिनिटं लागतील."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बावचकरांनी माझ्या कानाला लावला. सानिका. "आई, दवाखान्यात माणसं यायला लागलीत. एका डब्याभोवती आठ जण उभे आहेत. चाल लिही दाबायचं ना?"

"कुणी काही दाबायचं नाही!" मी इतकी ओरडले की बावचकर दचकले. "बटणाला हात लावायचा नाही. त्यांना पटांगणात चालवा. चार मिनिटं."

मग मी जावयाला म्हटलं, "लिहा. मी हलवते."

चार मिनिटं किती असतात हे मला तेव्हा कळलं. माझे खांदे भरून आले, बोटं वळेनात. भाऊंच्या पापण्या अर्ध्या उघड्या, आत नुसतं पांढरं. मला वाटत होतं दाबू द्यायला हवं होतं, काय होईल ते होईल. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. समोर तो पोरगा लिहीत होता. एक ओळ लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. घाम नाकावरून किबोर्डवर पडत होता. एकदा "चुकलं" म्हणाला.

मग पट्टी उघडली. ह्या वेळी तिच्यात नुसतं चाल लिही नव्हतं. पूर्ण वाक्य होतं, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. दस्तगीर इब्राहिम मुल्ला, वय एकाहत्तर, यांच्या दाण्यात परवाची चाल परत लिहायची का?

"वाचा मोठ्यानं," ते म्हणाले.

मी वाचलं. "लिहा," मी म्हटलं. त्यांनी एन्टर मारलं. खाली अक्षरं आली. दाण्यानं मान्य केलं.

मी हात काढला. आम्ही तिघं त्या गळ्याकडं बघत होतो. एक. दोन. तीन. चार. बावचकर मोठ्यानं मोजत होते आणि रडत होते. मग भाऊंचे ओठ हलले. मी कान नेला.

"वैनी," ते म्हणाले, "हलवू नका. सांधणी सुटंल."

मग इंद्रजितरावांनी माझ्या दाण्यालाही विचारलं, तू कोण. मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि माझीही चाल परत लिहिली. नवी कमांड दवाखान्यात गेली, सगळ्या डब्यांना गेली. संध्याकाळपर्यंत सानिकाच्या यादीवर फुल्या पडत राहिल्या. सातला एकच नाव उरलं. हुपरीची मालन माळी, वय एकावन्न. ती पैंजणाच्या कड्या डाग देऊन जोडत बसली होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तिची सून जेवायला बोलवायला गेली तेव्हा मालनचा हात गार होता, आणि समोरची चांदीही.

ती आधीच गेली होती, की आम्ही थांबवलेल्या त्या चार मिनिटांत, हे कुणालाच सांगता येत नाही. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं.

आठवड्यानं कंपनीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, की चाचणीतल्या महिलेनं तिन्ही दिवस कोणताही त्रास नसल्याचं सांगितलं, त्यामुळं कर्मचाऱ्याचा दोष आढळत नाही. इंद्रजितरावांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला, आणि शेजारी आपला राजीनामा. दोन दिवस ते जेवले नव्हते.

"मी हे काम सोडतोय, आई," ते म्हणाले. "मला एन्टर दाबताना आता... मी दुसरं काहीतरी बघतो. दुकान टाकतो. तुम्ही काय म्हणाल ते मला मान्य आहे. काहीतरी बोला."

सानिका दारात उभी होती. तिला वाटलं असेल, आई जावयाला जवळ घेईल. मी दोन्ही कागद उचलले. राजीनामा फाडला. कंपनीचा कागद घडी करून कमरेला खोचला. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"इंद्रजित, ऐक. तू दोषी आहेस, कंपनीनं काहीही लिहू दे. नाव न विचारता माणसाच्या काळजात हात घालणारी कमांड तू बनवलीस, आणि न मागं येणाऱ्या गोष्टीला मागे घे असं नाव दिलंस. मी तुझ्याहून जास्त दोषी आहे. मला काळं दिसत होतं आणि मी झकास म्हणाले. आता तू दुकान टाकून मोकळा होशील, मग ते अकराशे लोक काय करतील, दाणे काढून ताटात ठेवतील? नोकरी सोडायची नाही. त्यांच्या चाली तूच लिहायच्या, भीत भीत लिहायच्या, आणि भीती गेली त्या दिवशी मला सांगायचं, मी स्वतः तुला त्या खुर्चीवरनं उठवीन. आता तोंड धू. आपण हुपरीला निघालोय. मालनच्या नवऱ्यापुढं हा कागद ठेवायचा आणि हा खोटा आहे म्हणून सांगायचं. आधी मी बोलणार, मग तू. त्यानं हाकलून दिलं तर उद्या परत जायचं."